वाफ्यात मीठ टाकल्याची नोटीस

आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर तीन वर्षांपूर्वी एक नोटीस लागलेली. दुसऱ्या मजल्यावरच्या एका ज्येष्ठ महिला रहिवाशाने सोसायटीच्या भाजीच्या वाफ्यांत जाणूनबुजून मीठ टाकलं, त्यामुळे सगळी रोपं मेली, तरी त्यांनी आठ दिवसांत लेखी माफी मागावी, असा तिचा मजकूर. तो मजकूर आठवला की अजून माझी कानशिलं तापतात. जिच्यावर हा आळ घेतला तिचं उभं तारुण्य मिठागरात गेलं होतं, आणि मीठ जमिनीचं काय करतं हे आमच्या चार बिल्डिंगींत तिच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. आणि नोटिशीखाली सेक्रेटरी म्हणून सही होती ती माझी.

तिला सगळे बाय म्हणायचे. माजिवड्याहून खाडीच्या अंगाला उतरलं की जिथे आज आमचं कॉम्प्लेक्स आहे, ती जमीन तिच्या सासरची. थोडी भातशेती, थोडी खार म्हणजे खारट जमीन, आणि पलीकडे मिठागरं. बिल्डरने जमिनीच्या बदल्यात तिच्या मुलांना फ्लॅट दिले. त्यातल्या धाकट्या मुलाकडे ती राहायची. लिफ्टला ती डबा म्हणायची आणि त्या डब्यात ती एकदाही चढली नाही. चपला घालायची नाही. कमरेला घट्ट खोचलेलं लुगडं, तळपायांना सुकलेल्या तळ्यासारख्या भेगा, आणि आवाज असा की पार्किंगमध्ये बोलली तर पाचव्या मजल्यावर मला ऐकू यायचं.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी टेम्पोतून सामान उतरत होतं. माझी साताऱ्याहून आणलेली तुळशीची कुंडी जिन्याशी ठेवलेली. एक म्हातारी आली, वाकली, कुंडीतली चिमूटभर माती उचलून जिभेवर ठेवली, चघळली, बाजूला थुंकली आणि म्हणाली, "माती गोर हाय. पर पानी लय घालतंस तू." गोर म्हणजे गोड, हे मला नंतर कळलं. मी घाटावरची, वागळे इस्टेटमधल्या एका कंपनीच्या लॅबमध्ये केमिस्ट. मातीची परीक्षा मी काचेच्या नळीत करणारी. मला ते फारच घाण वाटलं. पण पाणी मी खरंच जास्त घालत होते. मुळं कुजायला लागली होती.

बाय सगळंच चाखायची. माती, टाकीचं पाणी, टँकरचं पाणी, शेणखत आलं तर तेसुद्धा बोटाच्या टोकावर घेऊन. सुनेने घरात पाणी शुद्ध करायचं मशीन बसवलं, तेव्हा त्यातून बाहेर जाणारं पाणी झाडांना घाला म्हणून सगळे तिला सांगायला लागले. तिने एक थेंब जिभेला लावला आणि ती बादली मोरीत ओतून दिली. सगळा खार या पाण्यात काढून टाकलाय आणि तो माझ्या झाडांना पाजायला सांगता, असं म्हणून ती दिवसभर सुनेशी बोलली नाही. तिचं बरोबर होतं. ते मशीन तेच करतं. लॅबमध्ये काम करणाऱ्या मला हे सुचायला हवं होतं, पण मीच ती बादली वाचवायचा सल्ला दिलेला.

मागच्या बिल्डिंगच्या पाठीमागे, पार्किंग आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक लांबट पट्टा रिकामा पडलेला होता. भरावाची जमीन, वर डेब्रिज. बिल्डरने तिथे दोनदा लॉन लावलं, दोन्ही वेळा ते पिवळं पडून मेलं. बायने तिथे वाफे उभे केले. आपण गावाकडे पाहतो तसे जमिनीसपाट वाफे नव्हेत. बांधकामातून उरलेले फुटके ब्लॉक, लाद्यांचे तुकडे, कुठून तरी ओढून आणलेला चिरा, असं रचून गुडघ्याएवढी उंच चौकट करायची. तळाशी विटांचे तुकडे, त्यावर सुका पालापाचोळा, त्यावर शेणखत कालवलेली माती. असे सात वाफे तिने एकटीने उभे केले. एवढं उंच कशाला म्हणून मी विचारलं तेव्हा तिने समजावलं ते असं की खाली खार आहे आणि मुळाचा पाय खाराला लागता कामा नये. तिच्या सासऱ्याने खाडीकाठी अशीच माती चढवून भाजी काढलेली. पाऊस वरून पडतो, मीठ धुऊन खाली नेतो. आपण उंचावर असलो की ते खाली जातं. आपण खाली असलो की ते आपल्यात मुरतं.

पाणी कुठून आणायचं हा मोठा प्रश्न होता. आमच्याकडे नळाचं पाणी मोजकं, बाकी बोअरवेल. बोअरचं पाणी संडासाला आणि गाड्या धुवायला. ते तिने पहिल्याच दिवशी थुंकून टाकलेलं. मग तिने काय करावं, तर ती घरोघर फिरली आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मागायला लागली. दाराबाहेर एक डबा ठेवा, त्यात ते पाणी ओता, मी घेऊन जाईन. एक अट, मीठ घातलेलं काहीही त्यात जाता कामा नये. एकदा एका घरच्यांनी बटाटे उकडलेलं खारट पाणी ओतलं. बायने ते चाखलं, डबा त्यांच्याच दारात उलटा केला आणि पुढे महिनाभर त्यांच्या दाराकडे बघितलं नाही. बऱ्याच घरांतून तिला पाणी मिळायला लागलं. सकाळी सात-साडेसातला ती जिन्याने वर चढायची आणि दोन बादल्या घेऊन खाली उतरायची. मी लिफ्टने घेऊन जाऊ का म्हटलं तर म्हणायची, पाणी हिंदकळतं त्यात.

ती पाणी सरसकट द्यायची नाही. प्रत्येक वाफ्यात बोट दुसऱ्या पेरापर्यंत खुपसायची. ओल लागली तर तो वाफा त्या दिवशी उपाशी. वांग्यांशी ती भांडायची. पालकाशी गोड बोलायची. मुळ्याला तर मी तिला सरळ शिव्या देताना ऐकलंय, कारण तो वर पाला करतो आणि खाली काही धरत नाही.

भाजी ती विकायची नाही, आणि मागणाऱ्याला द्यायची नाही. आपल्या मनाने कोणाच्या तरी दाराची बेल वाजवायची, मेथीची जुडी हातात ठेवायची आणि तिथेच उभी राहायची. तुम्ही ती कशी निवडता ते बघायला. कोवळे देठ टाकले की बोलणी बसायची. मला सासूबाईंनी ऐकवलं नाही एवढं बायने मेथीवरून ऐकवलंय.

असं पाच-सहा वर्षं चाललं. मग सोसायटीत नवे चेअरमन आले.

हे गृहस्थ मोठ्या कंपनीत मार्केटिंगला होते. इस्त्रीचे शर्ट, गोड बोलणं, प्रत्येक मीटिंगला भिंतीवर स्लाइड. मी सेक्रेटरी त्यांच्याच आग्रहामुळे झाले, आणि मला त्याचं बरंही वाटलेलं, हे कबूल करते. हरित सोसायट्यांची कसली तरी स्पर्धा होती. त्यांनी ठरवलं, आपण किचन गार्डन करायचं. बायचे वाफे त्यांना अस्ताव्यस्त वाटत होते. फुटके ब्लॉक परीक्षकांना कसे दाखवायचे? मग एका ठेकेदाराकडून पॉलिश केलेल्या लाकडी चौकटी आल्या, बायची माती उचलून त्यांत भरली, तिचे ब्लॉक डंपरमध्ये गेले. प्रत्येक वाफ्यात काळ्या नळ्या, नळ्यांना बारीक भोकं, भिंतीवर टायमर. सकाळ-संध्याकाळ आपोआप पाणी. सभोवती कमरेएवढं कुंपण आणि छोटं फाटक. फाटकाला कुलूप.

बायला आधी विचारलं नव्हतं. पण फोटोला बोलावलं. नवं लुगडं नेसवून, डोक्यावर टोपली देऊन, आमच्या पत्रकासाठी. टोपलीतली भाजी बाजारातून आणलेली. तिने फोटो काढू दिला, कारण तिला वाटलं की वाफे तिचेच आहेत आणि लोकांनी ते सजवून दिलेत.

नळ्या चालू केल्या त्या दिवशी आम्ही सगळे तिथे होतो. बायने वाकून नळीखाली तळहात धरला, चाखलं, आणि सरळ चेअरमनसमोर जाऊन उभी राहिली. "बोअरचा पानी हाय यो. या पान्यान मीठ पिकंल, भाजी नाय पिकायची."

लोक हसले. चेअरमनही हसले, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले की आजी, आता हे सगळं ऑटोमॅटिक आहे, तुम्ही आराम करा. मी हसले नाही, पण बोललेही नाही. पाणी तपासून बघू, एवढं एक वाक्य म्हणायला मला काय झालं होतं? तपासणं हे तर माझं पोटाचं काम. मला वाटलं, एवढा सोहळा चाललाय, त्यात कुठे खोडा घालायचा.

मार्चमध्ये ऊन चढलं. दिवसातून दोनदा पाणी पडत होतं आणि दिवसभर ते सुकत होतं. चवळी उगवलीच नाही. मेथीची पानं कडेने करपली. मग पालकसुद्धा बसला. आणि वाफ्यांच्या मातीवर पांढरी साय धरली, हाताने खरवडली तर हाताला लागेल अशी. बाय कुंपणाबाहेर उभी राहून दिसेल त्याला सांगायची की नळ्या बंद करा. कोणी केल्या नाहीत. परीक्षक यायला दहा दिवस उरले होते, आणि आमच्या किचन गार्डनमध्ये एकही हिरवं पान नव्हतं.

मग चेअरमनने कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग काढलं. त्यात बाय दिसत होती. सकाळी, लुगडं खोचून, त्या वयात कुंपण ओलांडताना, आणि पातेल्यातून काहीतरी पांढरं वाफ्यात ओतताना. एकदा नाही, चार दिवस. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तो व्हिडिओ फिरला. पांढरी माती, पांढरं पातेलं, मीठच ते. तिचे वाफे घेतले म्हणून म्हातारीने सूड उगवला, असं लोकांनी दुपारपर्यंत ठरवूनसुद्धा टाकलं. संध्याकाळी चेअरमनने मला नोटिशीचा मजकूर पाठवला आणि माणसाबरोबर कागद पाठवला, सही करा म्हणून.

पातेल्यात काय होतं ते मला माहीत होतं. त्यातलं थोडं माझ्याच दारातून गेलेलं. तांदळाचं पाणी पांढरं असतं. तरी मी सही केली. जेवायला पाहुणे येणार होते, माणूस दारात उभा होता, आणि मला वाटलं की उद्या बोलू. खरं सांगायचं तर मला चेअरमनशी वाकडेपणा नको होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. बाय. हातात ती नोटीस, बोर्डावरून पिना उपटून आणलेली. तिला वाचता येत नव्हतं. लोक काहीबाही सांगतायत, तुला नीट वाचता येतं, तू वाच, म्हणाली. मी म्हटलं, बाय, बसा आधी, चहा घ्या. ती बसली नाही.

"काय लिवलाय ता वाच."

मी वाचलं. पहिल्यापासून शेवटपर्यंत, उभ्याने, माझ्याच दारात. 'जाणूनबुजून' हा शब्द मी हळू वाचला, तर ती म्हणाली, मोठ्याने वाच. वाचून झाल्यावर तिने नोटिशीच्या खालच्या बाजूला बोट ठेवलं.

"आनि यो नाव कोनाचा?"

"माझं," मी म्हटलं.

तिने माझ्या हातातून कागद घेतला, घडी केली, कनवटीला लावली. दाराबाहेर माझा पाण्याचा डबा होता, त्यात रात्रीचं तांदळाचं पाणी होतं. तिने तो उचलला नाही. रिकाम्या हाताने जिना उतरून गेली.

त्या दिवशी मी एक बाटली नळीखाली धरून भरली आणि लॅबमध्ये नेली. वाफ्यावरची साय कागदात पुडी बांधून नेली. दोन्ही तपासलं. पाण्यात क्षार भरलेले होते, आणि पुडीत जे होतं ते त्याच पाण्याचं सुकलेलं रूप. कोणी वरून मीठ टाकायची गरजच नव्हती, आम्ही रोज दोनदा टायमर लावून टाकत होतो. मी हा रिपोर्ट टाइप केला, आणि रविवारी क्लबहाउसमध्ये मीटिंग होती तिथे वाचून दाखवला. चेअरमन म्हणाले, तुमच्या भावना समजतात, पण हा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट नाही, आणि व्हिडिओ तर सगळ्यांनी पाहिलाय. बायचा मुलगा मागच्या रांगेत मान खाली घालून बसला होता. त्याने आदल्या दिवशीच आईला सांगितलेलं, माफीच्या कागदावर अंगठा देऊन टाक, विषय संपव.

तेवढ्यात बाय आत आली. हातात स्टीलचा ग्लास, काठोकाठ भरलेला. टेबलावर चेअरमनसमोर तो ठेवला.

"यो तुज्या नलीतला पानी. पी."

चेअरमन म्हणाले, आजी, हा मुद्दा नाही.

"दोन घोट पी. मी पिते तुज्यासंगती." आणि ती खरोखर ग्लास उचलून अर्धा प्यायली, आणि उरलेला पुढे सरकवला. चेअरमनने हात लावला नाही. सगळी सभा त्या ग्लासकडे बघत होती.

"तू पिनार नाय," बाय म्हणाली. "मंग माज्या भाजीला कनाला पाजलास, कशापायी?" नंतर तिने सगळ्यांकडे पाहिलं आणि सांगितलं की मी बारा वर्षांची असल्यापासून मिठागरात चिखल तुडवलाय, पायाची कातडी सोलून निघेपर्यंत. मीठ पडलं की जमीन मरते. ही जमीन माझी होती, तिच्यात मी मीठ टाकीन? एवढं बोलून ती गेली.

आता तरी सभेने माफी मागायला हवी होती की नाही? मागितली नाही. पुढचा विषय पार्किंगचा होता, तो सुरू झाला. नोटीस बोर्डावर परत लागली नाही, एवढंच. आणि चेअरमन ज्याला त्याला सांगत फिरले की म्हातारं माणूस आहे, आम्ही सोडून दिलं. हे 'सोडून दिलं' ऐकलं की माझ्या अंगाची आग होते. कोणी कोणाला सोडून दिलं?

बायने मात्र सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती लॉबीत नोटीस बोर्डासमोर येऊन बसायला लागली. वॉचमनने तिला प्लास्टिकची खुर्ची दिली. सकाळी आठला यायची, दुपारी जेवायला उठायची. कोणाशी बोलायची नाही. कोणी विचारलं तर एवढंच सांगायची की जिथे लिहिलंत तिथेच लिहा की मी टाकलं नाही. मुलगा विनवण्या करून थकला. सून दोनदा रडली. ग्रुपवर मेसेज यायला लागले की घरी पाहुणे येतात, लॉबीत असं बरं दिसत नाही. अकरा दिवस ती तिथे बसली, आणि अकरा दिवस मी तिच्यासमोरून लिफ्टमध्ये शिरले. रोज तिची नजर बोर्डावर असायची. माझ्याकडे तिने एकदाही पाहिलं नाही.

बाराव्या दिवशी मी रजा टाकली. सोसायटीच्या लेटरहेडवर, कमिटीला न विचारता, स्वतःच्या हाताने नोटीस लिहिली. खाली जाऊन तिच्याशेजारी उकिडवी बसले आणि वाचून दाखवली. अमुक तारखेची नोटीस गैरसमजातून काढण्यात आली होती, रोपं बोअरच्या पाण्यामुळे मेली, संबंधित महिलेचा यात काहीही दोष नाही, त्यांची आम्ही माफी मागतो.

तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "गैरसमज मंजे काय?"

मी म्हटलं, म्हणजे आम्हाला चुकून तसं वाटलं.

"तुला वाटला? मी मीठ टाकला आसा तुला वाटला?"

ती पहिल्यांदाच माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, "नाही. मला कधीच नाही वाटलं."

"मंग गैरसमज कनाला लिवतंस? खोटा लिवलास ना? मंग खोटा लिव."

मी तो कागद फाडला. वर गेले, दुसरा घेतला आणि लिहिलं, ती नोटीस खोटी होती, ती खोटी आहे हे माहीत असताना मी तिच्यावर सही केली. खाली माझं नाव. परत येऊन वाचून दाखवलं. तिने दोनदा वाचायला लावलं. मग पिना तिने स्वतः टोचल्या, कोपऱ्यात अंगठ्याने दाबून बघितल्या, खुर्ची वॉचमनला परत दिली आणि जिना चढून घरी गेली. मी त्याच दिवशी सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला.

ती नोटीस दुसऱ्या दिवशी काढली गेली. अनधिकृत म्हणून. लाकडी चौकटी पावसाआधी उचलल्या, आणि त्या पट्ट्यावर आता प्लास्टिकचं हिरवं गवत अंथरलेलं आहे. त्याला रविवारी बोअरच्या पाण्याने धुतात.

बाय महिन्याभरात शहाडला मुलीकडे निघून गेली. मुलीचं बैठं घर, मागे थोडी जागा, नदी जवळ. दिवाळीनंतर मी तिला भेटायला गेले. तिने तिथेही वाफे बांधायला घेतलेले, तसेच उंच, जुन्या विटांचे. तिथे खार नाही, मग उंच कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाली, आता कंबर वाकत नाही. मला तिने बस म्हटलं नाही. घमेलं दिलं. मी दुपारभर माती टाकली. मुलीने चहा केला तो आम्ही वाफ्याच्या काठावर बसून प्यायलो.

निघताना तिने विचारलं, नोटीस त्या माणसाने वाचली का. मी म्हटलं, वाचली असेल, दुसऱ्याच दिवशी काढून टाकली.

"आनि तू काय केलास?"

मी काहीच केलं नव्हतं. मला वाटलेलं, लिहिलं, लावलं, झालं.

"मंग परत लाव," बाय म्हणाली, आणि हात धुवायला गेली.

मी परत लावली. ती काढली गेली. मी पुन्हा लावली. मग मी तिच्या झेरॉक्सच काढून ठेवल्या. चेअरमन मला लिफ्टमध्ये ओळख दाखवत नाहीत. ग्रुपमधून मला काढलंय. नवे भाडेकरू विचारतात, हे मिठाचं काय प्रकरण आहे, तेव्हा मी त्यांना सगळं सांगते, सहीसकट. बाय मुलीच्या फोनवरून महिन्या-दोन महिन्यांनी बोलते. तब्येतीचं काही सांगत नाही, माझंही विचारत नाही. लावलास काय, एवढंच विचारते. परवा काढलेली. आज सकाळी कामावर जाताना लावून आले.